पापनाशम तालुक्याचा छायाचित्रकार

वृत्तपत्र वाचणाऱ्या दूरच्या माणसाला आमचा कावेरीकाठ वर्षातून तीन-चार वेळाच दिसतो आणि तोही ठरलेल्या वेषात: जूनच्या मध्यास मेट्टूरच्या धरणातून सोडलेले पाणी कल्लणैच्या बंधाऱ्याला पोहोचले की त्यावर फुले आणि भाताचे बियाणे उधळणारे मंत्री व अधिकारी, पौष वद्य पंचमीस तिरुवैयारूला त्यागराजांच्या समाधीपुढे दाटीवाटीने मांडी घालून पंचरत्न कीर्तने गाणारे गवई, पोंगलच्या आगेमागे कापणीला आलेली शेते, आणि पाऊस अवेळी कोसळलाच, तर पाण्यात आडवे झालेले सांबा भाताचे पीक व त्यातली एक ओंबी मुठीत धरून कॅमेऱ्याकडे पाहणारा शेतकरी. ही चारही चित्रे मी उभ्या आयुष्यात इतक्यांदा काढली आहेत की एका वर्षाचे चित्र दुसऱ्या वर्षी छापले गेले असते तरी मंत्र्यांचा चेहरा सोडून कोणाला काही वेगळे वाटले नसते. एकदा एका वृत्तपत्रात खरोखरच तसे घडले, आणि त्याबद्दल तक्रार आली ती फक्त त्या विद्यमान मंत्र्यांच्या कचेरीतून.

या व्यवसायाविषयी जे लिहिले जाते ते बहुधा मुंबई, दिल्ली किंवा मद्रास येथील नामवंतांनी लिहिलेले असते, आणि त्यात युद्धे, दंगली, पंतप्रधान आणि वादळे यांची गर्दी असते. ते लेखन मी आदराने वाचतो, परंतु त्यातील प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी लेखक आपली पेटी उचलून परत जातो, ही गोष्ट माझ्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या छायाचित्रकाराला परत जायला जागाच नसते. काल ज्याचे चित्र काढले तो मनुष्य आज सकाळी त्याच हॉटेलात समोरच्या बाकावर कॉफीची वाटी घेऊन बसलेला असतो, आणि त्याने वृत्तपत्र पाहिलेले असते. आमच्या धंद्याचे जे काही नीतिशास्त्र आहे ते कोणत्याही संस्थेच्या नियमावलीतून आलेले नसून त्या समोरच्या बाकावरून आलेले आहे, असे माझे मत आहे.

मी पापनाशमचा. तंजावर-कुंभकोणम रस्त्यावरचे, कुडमुरुट्टी नदीजवळचे हे गाव बाहेरच्यांना ठाऊक असलेच तर पापनाशम शिवन या संगीतकारामुळे ठाऊक असते. आणि ज्यांना जुन्या वास्तूंचा नाद आहे त्यांना जवळच तिरुप्पालैत्तुरै येथील देवळातल्या नायककालीन धान्यकोठारामुळे. जुन्या मापाने तीन हजार कलम भात मावेल अशी ती विटांची गोल, घुमटाच्या माथ्याची इमारत आहे. आमचे पूर्वज तंजावरचे मराठी राज्य स्थापणाऱ्या एकोजीराजांच्या मागून केव्हातरी इकडे आले असे घरात सांगत. वडील महसूल खात्यात कारकून होते आणि त्यांची लेखी मराठी जुन्या मासिकांच्या बांधीव अंकांवर व मोडीतल्या हिशेबी कागदांवर पोसलेली होती. तीच त्यांनी मला दिली, त्यामुळे माझे हे लिहिणे आजच्या पुणेकराला पागोटे बांधून आलेल्या पाहुण्यासारखे वाटले तर त्यात त्याचा दोष नाही. गावात मला सारे ‘रायर’ म्हणतात. मराठी देशस्थाला इकडे तेच संबोधन.

प्रथम पोटाचा प्रश्न सांगतो, कारण तो सुटल्यावाचून बाकीचे काही समजणार नाही. वृत्तपत्राने मला कधीही पोसले नाही. मी ज्यांच्यासाठी काम केले त्या पत्रांनी छापून आलेल्या चित्रामागे मोबदला दिला. न छापलेल्या चित्राचा रोल, रसायने, बसभाडे आणि रात्रीचे जागरण हे सर्व माझ्या खाती. ऐंशीच्या दशकात हा मोबदला पंचवीस रुपये होता आणि तो सहा-सहा महिन्यांनी एकत्र मनिऑर्डरीने येई, तेव्हा पोस्टमनला चहा पाजून उरेल ते आपले, असा हिशेब असे. घर चालले ते लग्नांवर, उपनयनांवर, मुलींच्या ऋतुशांतीवर आणि पासपोर्ट आकाराच्या छायाचित्रांवर. आडी आणि मार्गळी हे दोन तमिळ महिने इकडे लग्ने नसतात. त्या दोन महिन्यांत मी अधिक उत्साही वार्ताछायाचित्रकार होतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पहाटे साडेचारच्या मुहूर्ताला मंगळसूत्राच्या गाठीवर कॅमेरा रोखून उभे राहायचे, नऊला बयाणा वजा जाता उरलेली रक्कम वधुपित्याकडून वसूल करायची (ती कला छायाचित्रणाहून अवघड आहे), आणि अकराला तहसील कचेरीपुढे निदर्शनाला हजर व्हायचे. निदर्शनात पुष्कळदा सकाळच्याच लग्नातली माणसे भेटत, कपाळावरचे गंधही अजून पुसलेले नसे.

आता चित्र छापखान्यापर्यंत जाई कसे ते सांगतो, कारण ज्यांनी खिशातल्या यंत्राने चित्र पाठवले आहे त्यांना ते खरे वाटणार नाही. फिल्म बहुधा ‘इंदू’ वापरीत असू. उदकमंडलमच्या सरकारी कारखान्यात, म्हणजे आमच्याच राज्यात, ती तयार होई आणि विलायती फिल्मपेक्षा स्वस्त पडे. शंभर फुटी डबा आणून अंधारात हातांनी मोजून रिकाम्या डब्यांत भरायची. काळ्या कापडाच्या पिशवीत दोन्ही हात कोपरापर्यंत खुपसून, बोटांनाच डोळे समजून. घटना दुपारी दोनला घडली असेल तर तीनपर्यंत दुकानात यावे, मागच्या न्हाणीघरात टाकी हलवावी, हायपोतून काढलेली पट्टी पंख्याखाली लोंबकळत असतानाच कोणती चौकट घ्यायची ते ठरवावे, आणि पुष्कळदा ओल्याच निगेटिव्हवरून प्रत काढावी. प्रत काचेवर थापून वाळवायची. तिच्या पाठीवर शाईने लिहिले तर ती पुढच्या बाजूला उमटते, म्हणून मजकूर वेगळ्या चिठ्ठीवर तमिळमध्ये लिहून ती खळीने चिकटवायची: कोण, कोठे, डावीकडून कोण कोण, आणि त्यात एखाद्या पंचायत अध्यक्षाचे नाव उजवीकडचे डावीकडे गेले तर समोरच्या बाकावर कोण बसेल याचा विचार आधीच करून. मग ते पाकीट छातीशी धरून रस्त्यावर यायचे. तिरुचीकडे जाणाऱ्या बसचा वाहक आमच्या साखळीतला सर्वांत महत्त्वाचा दुवा. तो पाकीट ड्रायव्हरच्या पाठीमागच्या कप्प्यात टाकी, आणि तिरुचीच्या थांब्यावर वृत्तपत्राचा शिपाई बसचा क्रमांक बघून ते काढून घेई. क्रमांक मी टपालगृहातून तारेच्या भाषेत फोनवर कळवायचा. बस कुठे बंद पडली, शिपाई जेवायला गेला, वाहकाची पाळी बदलली, की बातमी चित्रावाचून छापली जाई आणि ते पाकीट दोन दिवस डेपोत हिंडून परत माझ्याकडेच येई. छायाचित्रणाच्या पुस्तकांत प्रकाशाविषयी बरीच प्रकरणे असतात. वाहकाशी स्नेह कसा जोडावा याविषयी एकही नाही.

इतिहासाची एक गंमत येथे नमूद करतो. हिंदुस्थानात सरकारी पगारावर नेमलेले जे अगदी पहिले छायाचित्रकार होते त्यांपैकी एक, मद्रास इलाख्याचा कॅप्टन लिनीअस ट्राइप, १८५८ साली आमच्या तंजावरला आला होता. त्याने मेणविलेल्या कागदी निगेटिव्हांवर बृहदीश्वराचे मंदिर टिपले; एवढेच नव्हे तर मंदिराच्या जोत्यावर चोळांनी कोरविलेल्या लेखांची चित्रे एकापुढे एक घेत, एकवीस प्रती जोडून, एकोणीस फुटांहून लांब असा एक अखंड पट तयार केला. तिरुवैयारूची चित्रेही त्याने काढली. वाचक नसलेल्या अक्षरांसाठी असा सायास करणारा माणूस मला फार जवळचा वाटतो. पुढे काय झाले? १८५९ मध्ये सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन मद्रासचे गव्हर्नर होऊन आले, खर्चाची काटछाट सुरू झाली, आणि छायाचित्रकाराचे खाते हा चैनीचा विषय ठरून ते बंद करण्यात आले. त्यानंतर ट्राइपने त्या प्रमाणावर काम केले नाही. आजही कोणत्याही वृत्तपत्रावर आर्थिक संकट आले म्हणजे पहिली कात्री कोठे लागते हे त्या धंद्यातल्या कोणालाही विचारावे. फर्मान जुनेच आहे.

कायद्याने आम्हांला अगदीच वाऱ्यावर सोडले आहे असे नाही. श्रमिक पत्रकारांविषयीच्या १९५५ च्या कायद्यात पत्रकाराची जी व्याख्या केली, तिच्यात संपादक, उपसंपादक, वार्ताहर, व्यंगचित्रकार यांच्या पंक्तीला वार्ताछायाचित्रकारही स्पष्ट शब्दांत बसवलेला होता. परंतु ज्याचे नाव हजेरीपटावर आहे त्याला त्या व्याख्येचा उपयोग. तालुक्याचा छायाचित्रकार कोणाच्याच हजेरीपटावर नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आणखी एक बारीक भेद आहे, तोही फार थोड्यांना ठाऊक असतो. वृत्तपत्राच्या नोकराने काढलेल्या चित्रावर, वेगळा करार नसेल तर, प्रकाशनापुरता मालकाचा हक्क. मोबदला देऊन कोणी चित्र काढवून घेतले तर त्या चित्राचा मालक पैसे देणारा. आणि जो कोणाचाच नोकर नाही, ज्याने आपणहून चित्र काढले आहे, तो स्वतःच्या चित्राचा प्रथम मालक. म्हणजे हिशेबाने माझ्या शेजारच्या लग्नाचा अल्बम माझा नाही, पण कावेरीचा पूर माझा आहे. या मालकीचा मला आजवर एका पैचा लाभ झालेला नाही, आणि माझ्या चित्राखाली ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ याखेरीज काही छापले गेल्याचे प्रसंगही बोटांवर मोजण्याइतके. तरी कायद्याचे ते कलम वाचताना मनुष्य जरा ताठ बसतो.

या व्यवसायाचे एक दालन असे आहे की त्याचा उल्लेख कोणी करीत नाही. आसपासच्या ठाण्यांकडे पूर्वी स्वतःचा छायाचित्रकार नसे. रुळांवर, कालव्यात किंवा उसाच्या फडात बेवारस प्रेत सापडले की शिपाई सायकलवरून स्टुडिओत येई आणि मला पंचनाम्यासाठी जावे लागे. चेहऱ्याचे एक, पूर्ण देहाचे एक, अंगावरची खूण असेल तर तिचे एक, आणि भोवतालच्या जागेचे एक, असा दंडक. प्रती निगेटिव्हसह जमा करायच्या, पावती घ्यायची, बिलाची दरखास्त द्यायची आणि ते बिल विसरायचे. पुढे साक्षीसाठी समन्स येई ते मात्र वेळेवर. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर सेबॅस्टियन डिसूझा या छायाचित्रकाराने गोळीबार चालू असताना दहशतवादी कसाबचे चित्र घेतले आणि नंतर न्यायालयात उभे राहून त्याची साक्ष दिली. ते धैर्य माझ्या वाट्याला आले नाही, येण्याची गरजही पडली नाही. परंतु न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभे राहून ‘हे चित्र मीच काढले’ एवढे एक वाक्य बोलण्याचा प्रसंग पुष्कळ वेळा आला, आणि वृत्तपत्रापेक्षा तेथेच मला माझे नाव अधिक वेळा विचारले गेले.

मोठ्या प्रसंगी छायाचित्रकाराला जेथे उभे करतात तेथून ती घटना दिसतेच असे नाही. कुंभकोणमचा महामहम हा स्नानाचा उत्सव बारा वर्षांनी येतो. १९९२ चा, १८ फेब्रुवारीचा, मी पास गळ्यात अडकवून पाहिला. मुख्यमंत्री स्नानाला यायच्या होत्या, म्हणून आम्हां सर्वांची तोंडे आणि भिंगे त्या दिशेला लावलेली होती. आणि जी चेंगराचेंगरी होऊन पन्नासच्या आसपास माणसे गेली ती माझ्या दृष्टीच्या टप्प्याबाहेर घडली. कोलाहल ऐकला, पण गर्दीत कोलाहल नवा नव्हता. पास देणारा आपल्याला एक जागा देतो आणि तिच्याबरोबर एक दिशाही देतो, हे त्या दिवसापासून मी कधी विसरलो नाही. वार्ताछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी १९७० मध्ये कॅमेरा कायमचा बाजूला ठेवला तो नव्या पिढीतल्या छायाचित्रकारांच्या दांडगाईला विटून; महामहमच्या कुंपणात कोपरांचे जे युद्ध मी पाहिले आणि लढलो, त्यावरून त्यांचा निर्णय योग्य होता असे वाटते.

याच्या अगदी उलट अनुभव मेलट्टूरचा, आणि तो आमच्याच तालुक्यात. वैशाख शुद्ध चतुर्दशीला, नृसिंहजयंतीच्या रात्री, तेथे भागवतमेळ्यातले प्रह्लादचरित्र होते. नाटक तेलुगू, कर्ते वेंकटराम शास्त्री, काळ तंजावरच्या सरफोजीराजांचा. आणि ज्या दरबाराच्या आश्रयाखाली ही परंपरा वाढली त्याच दरबारात शहाजीराजांनी मराठी नाटकेही रचली, सांगलीला विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये पडदा उघडला त्याच्या दीडशे वर्षे आधी. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना हे सांगितले म्हणजे ते मान डोलावतात आणि लगेच पुण्याची गाडी किती वाजता असते ते विचारतात, असो. वरदराज पेरुमाळच्या देवळासमोर, देवाच्या दृष्टीपुढे, रात्रभर हा प्रयोग चालतो. सर्व पात्रे पुरुष; लीलावतीसुद्धा. वर्षभर मद्रासला बँकेत किंवा कचेरीत नोकरी करणारे गृहस्थ त्या दिवसांपुरते गावी येतात. नृसिंहाचा मुखवटा हा तेथे नाटकाचा मुखवटा नाही. त्याची पूजा होते, तो घालणारा उपवास करतो, आणि पहाटेच्या सुमारास तो मुखवटा चढला की त्या माणसाला पाठीमागून चार-पाच जणांनी घट्ट धरून ठेवावे लागते, इतका आवेश त्याच्यात संचारतो.

तेथे फ्लॅश उडवू नये असा लिखित नियम माझ्या वेळी नव्हता. मासिकांसाठी आलेले शहरी छायाचित्रकार उडवीत, आणि प्रत्येक झगमगाटाबरोबर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका एकदम तोंड फिरवीत. मी उडवीत नसे. चारशेची फिल्म आठशेला ढकलायची, एक तीसांश सेकंदाच्या आसपास झडप ठेवायची, खांबाला खांदा टेकून श्वास रोखायचा आणि हिरण्यकशिपूने वाक्य संपवून छाती पुढे काढली की त्या क्षणार्धाच्या स्थैर्यात कळ दाबायची. संगीत ज्याला कळते त्याला हे सोपे जाते, कारण नट कोठे थांबणार हे मृदंग आधी सांगतो. तीस-चाळीस चौकटींत दोन बऱ्या येत. मुखवटा उतरवल्यानंतरचे जे चित्र आहे, घामाने निथळलेला, पंख्याच्या वाऱ्यात भिंतीला टेकलेला, डोळ्यांत अजून परका दिसणारा एक मध्यमवयीन बँक कारकून, ते मी एका वर्षी काढले, आणि ते माझ्या सर्व चित्रांत सरस आहे अशी माझी समजूत आहे. ते मी कोणत्याही पत्राकडे पाठवले नाही. त्याच्या मुलाची मुंज मी टिपली होती. त्याची आई माझ्या दुकानासमोरून देवळात जाई. एक प्रत त्याला दिली, त्याने ती पेटीत ठेवली, आणि त्याबद्दल आम्ही दोघे पुन्हा बोललो नाही. संपादकाला ते चित्र दाखवले असते तर त्याने चार स्तंभ दिले असते, हेही मला ठाऊक आहे.

२००४ च्या जुलैची १६ तारीख, शुक्रवार. आडीच्या तोंडावरचा तो दिवस, लग्ने नाहीत, म्हणून मी दुकानातच होतो. कुंभकोणमला काशीरामन रस्त्यावरच्या शाळेत स्वयंपाकाच्या जागेतली आग झावळ्यांच्या छपराला लागून वरच्या मजल्यावरचे प्राथमिक वर्ग पेटले. चौऱ्याण्णव मुले गेली. मी पोहोचलो तेव्हा ज्वाळा नव्हत्या. पाणी, काळी पडलेली बाके आणि अरुंद रस्त्यात न मावणारी गर्दी एवढेच होते. दुपारपर्यंत मद्रासहून मोटारी आल्या, रात्री दूरचित्रवाहिन्यांचे मनोरे उभे राहिले. इस्पितळाच्या ओसरीत कॅमेरे इतके होते की एखाद्या आईने पदर तोंडावर घेतला तर तिच्या पदराचीच चित्रे निघत. मी जे काढायचे ते काढले आणि पाठवले. ते काम होते, आणि ते मी केले याचे मला वैषम्य नाही. त्या दिवसाची छायाचित्रे छापली गेली नसती तर राज्यभरच्या शाळांची गवती छपरे इतक्या झपाट्याने उतरली नसती, असे मी मानतो.

परंतु माझ्या दृष्टीने त्या दुर्घटनेचे छायाचित्रण पुढच्या आठवड्यात झाले. कुंभकोणमकडच्या एका खेड्यातले गृहस्थ दुकानात आले. शाळेच्या प्रवेशासाठी त्यांच्या पुतण्याचे पासपोर्ट आकाराचे चित्र माझ्याकडे काढले होते, त्याची मोठी प्रत भिंतीसाठी हवी होती. तारखांच्या लिफाफ्यांतून ती निगेटिव्ह शोधायला वेळ लागला नाही. प्रत रसायनात उमटू लागली तेव्हा त्यांनी आत येऊन पाहिली. सदऱ्याचे वरचे बटण उघडे राहिले होते. ते लावलेले दाखवता येईल का, असे त्यांनी विचारले. मी बारीक कुंचल्याने ते लावले. नंतर अशाच कामासाठी आणखी काही लोक आले, इतर स्टुडिओंतही गेले असतील. आता दर वर्षी १६ जुलैला त्या शाळेपुढे मुलांच्या चेहऱ्यांचा मोठा फलक लागतो, आईबाप मेणबत्त्या लावतात, आणि सर्व पत्रे त्या फलकाचे चित्र छापतात. त्या फलकावरचे चेहरे अशाच तालुक्याच्या स्टुडिओंतल्या निळ्या पडद्यापुढे, ‘हनुवटी जरा वर’ असे सांगून काढलेले आहेत. १९८४ मध्ये भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघाही छायाचित्रकारांनी मातीत पुरल्या जाणाऱ्या एका अनाम बालकाचा चेहरा टिपला, आणि तो साऱ्या जगाचा झाला. तो इतका जगाचा होऊ शकला याचे एक कारण मला असे दिसते की ते मूल कोणाचे हे कोणालाच कळले नाही. येथे प्रत्येकाचे नाव ठाऊक होते, घर ठाऊक होते. ते चेहरे जगाचे झाले नाहीत, आणि आईबापांनी तशी इच्छाही केली नव्हती.

निदर्शनांविषयी थोडे हलके बोलतो. २०१६ चा ईशान्य मोसमी पाऊस साफ बुडाल्यावर, पुढच्या मार्चमध्ये अय्याकण्णू यांच्या नेतृत्वाखाली गेलेले आमच्या बाजूचे शेतकरी दिल्लीला जंतरमंतरवर कवट्या मांडून, तोंडात उंदीर धरून बसले, तेव्हा पुष्कळ विद्वानांनी ‘हा कॅमेऱ्यासाठी केलेला देखावा’ असे नाक मुरडले. अर्थातच कॅमेऱ्यासाठी केलेला होता. हाती भाताच्या करपलेल्या पेंढ्या घेऊन निमूट उभे राहिलेल्या शेतकऱ्यांची शेकडो चित्रे मी स्वतः पाठवली होती आणि ती छापली गेली नव्हती. वृत्तसंपादकाला काय चालते हे शेतकऱ्याने आमच्याकडूनच शिकून घेतले. पापनाशमच्या कचेरीपुढेही पुढारी आता मला आधी विचारून घेतात: “रायरे, मडकी फोडायची ती ऊन कोणत्या बाजूला असताना?” मी सांगतो. न सांगण्यात काही विशेष नैतिकता आहे असे मला वाटत नाही; ऊन कोणाच्या बाजूचे नसते.

गेल्या काही वर्षांत धंद्याचे रूप पालटले ते सर्वांना दिसतेच आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या समारंभाची चित्रे सरकारी प्रसिद्धी कचेरीतूनच सर्व पत्रांच्या मोबाईलवर एका वेळी जातात, त्यांना पंचवीस रुपयेही द्यावे लागत नाहीत. अपघाताच्या जागी मी पोहोचेपर्यंत चहावाल्याने त्याची चित्रफीत तिरुचीला पोचवलेली असते, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये तंजावरजवळ कळिमेडूला रथाचा वीजवाहिनीला स्पर्श होऊन अकरा जण गेले त्या पहाटे तर माझ्या दुकानातल्या पोऱ्याने मला उठवले ते बातमी सांगून नव्हे, चित्र दाखवून. करोनाच्या वर्षी पत्रांची पाने घटली तसे माझ्यासारखे पुष्कळ जण कोणताही कागद हाती न पडता मोकळे झाले. नेमणुकीचाच कागद नव्हता, मग बडतर्फीचा कोठून येणार? मी तक्रार करीत नाही. लग्ने आहेत, आणि मोबाईलने कितीही चित्रे काढली तरी मुलीच्या बापाला जाड पुठ्ठ्याचा अल्बम लागतोच. निगेटिव्हांचे लिफाफे माडीवर आहेत, त्यांना बुरशी धरते, दर पावसाळ्यानंतर मी निगेटिव्ह उन्हापासून दूर वाऱ्यावर पसरतो आणि घरच्यांची बोलणी खातो.

मध्यंतरी एक ओळखीचा शेतकरी आला. काही वर्षांपूर्वी मेट्टूरचे पाणी तारखेला सुटले नाही म्हणून नदीच्या कोरड्या वाळूत छातीपर्यंत स्वतःला पुरून घेतलेल्या माणसांचे जे चित्र मी काढले होते, त्यात तो मधोमध होता: मिशा वर, तोंड उघडे, दोन्ही हात आकाशाकडे. मुलीच्या लग्नाचा फ्लेक्स मांडवाबाहेर लावायचा होता आणि त्यावर वधुपिता म्हणून त्याला तेच चित्र हवे होते. मी म्हटले, बसा, मी आत्ता नवे काढून देतो, रेशमी वेष्टी नेसून या. तो ऐकेना. “इतका चांगला माझा फोटो कोणी काढलेला नाही. वाळू काढून टाका, खाली वेष्टी जोडा, तुमच्या कॉम्प्युटरवर होतं सगळं,” तो म्हणाला, आणि मग पडद्याकडे वाकून, “कडेला हा तहसीलदार उभा आहे, तोही कापा.” मी तीनशे सांगितले. “तीनशे कशाला? माणूस एक कमी होतोय, जास्त नाही,” असे म्हणून त्याने घासाघीस सुरू केली, आणि अखेर दोनशेवर, तहसीलदार वगळून, तडजोड झाली.